खुलाशात दुसऱ्याचं नाव

आमचे बडेबाबू चष्मा काढून कागदावर पालथा ठेवायचे आणि समोरच्याला विचारायचे, "हे सगळं झालं. पण यात तू कुठी हायेस, ते सांग पह्यले."

समोरचा म्हणजे कोणीही. उशिरा आला म्हणून मेमो मिळालेला ड्रॉइंगचा मास्तर, प्रयोगशाळेतल्या काचनळ्या फोडणारा परिचर, पोषण आहाराची खिचडी करपवलेली बाई. शाळेत मेमो आला की लेखी खुलासा द्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. आणि भल्याभल्या एम. ए., बी. एड. माणसांना चार ओळींचा खुलासा लिहिताना घाम फुटतो, हेही तुम्ही कुठं ना कुठं पाहिलं असेल. आमच्या शाळेत अशी सगळी माणसं हातात मेमो घेऊन बडेबाबूंच्या टेबलाशी यायची.

बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. अकोल्यातली ख्रिस्ती संस्थेची शाळा, आणि तिच्या ऑफिसात उभी हयात काढलेला हा माणूस. सडपातळ, दाढी रोज केलेली, शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं लिहायला, लाल दुसऱ्याचं सुधारायला. मी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

खुलासा लिहून घ्यायला आलेला माणूस आधी पाच मिनिटं इतरांबद्दल बोलतो. हे मीही पाहिलं आहे, तुम्हीही आठवून पाहा. "काय झालं बडेबाबू, त्या दिवशी जोडीदारानं गाडीच उशिरा काढली, वरून पंपावर गर्दी, वरून हेडमास्तर आधीच माझ्यावर खार खाऊन..." बडेबाबू शेवटपर्यंत ऐकून घेत. मग चष्मा पालथा पडायचा आणि तो प्रश्न यायचा. मग बडेबाबू लिहायला घ्यायचे: "मी अमुक दिवशी वीस मिनिटे उशिरा आलो. पुन्हा असे होणार नाही." सही, तारीख, संपलं.

"खुलाशात दुसऱ्याचं नाव टाकायचं नाही," ते म्हणत. "आपण काय केलं, तेवढंच लिहायचं. माणूस वाचते त्यानं." आणि खरंच वाचायचा हो. साहेब लोक दोन ओळी वाचून कागद बाजूला सारायचे. माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी माणसं अशी सुटली.

हे तत्त्व त्यांनी कुठून आणलं, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं. दर रविवारी चर्चात ते लहान मुलांचा बायबलचा वर्ग घ्यायचे. एकदा डबा खाताना म्हणाले, "जगातला पह्यला खुलासा कोणी देल्ला, माहीत हाय? आदामानं. अन् तिथंच बिघडलं सगळं."

मी मूर्तिजापूरची. आमचं घर बौद्ध. जयंतीला निळा झेंडा, भिंतीवर दोन तसबिरी. आदाम मला ऐकून माहीत होता, इतकंच. मग त्यांनी पोळीचा तुकडा हातात तसाच धरून मला ती गोष्ट सांगितली. साहेबांसमोर बडेबाबू अगदी छापील मराठी बोलायचे. आमच्यासमोर त्यांच्या तोंडी फळाचं 'फय' व्हायचं.

"देवानं बाग देली. म्हणे सगळं खा, एवढं एक झाड सोडून. साप आला, त्यानं बाईच्या मनात भरवलं. बाईनं फय खाल्लं, नवऱ्याले देल्लं, त्यानंही खाल्लं. संध्याकाळी देव बागेत आला, त हे दोघं झाडामागं लपले. त्यानं हाक मारली, तू कुठी हायेस? देवाले काय दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं. पण इचारलं त्यानं. मेमो होता तो! अन् हा बाबा काय म्हणते? तू मले जे बाई देली ना, तिनं मले देल्लं, अन् म्या खाल्लं. पाय आता. एका वाक्यात दोघायले गुतवलं यानं. बाईलेही अन् देवालेही. सोता शेवटी."

"पण खोटं काय बोलला तो?" मी म्हटलं. "तिनंच तर दिलं होतं."

"हेच!" त्यांनी पोळीचा तुकडा माझ्यावर रोखला. "खोटं नाहीच ते. एकही शब्द खोटा नाही. अशा खऱ्या वाक्यायचीच शिक्षा भोगून राहिलो आपण. फय काय, देवानं एक चापट मारून सोडलं असतं."

मला गंमत वाटायची. आमच्या घरात शिक्षा करणारा देव नव्हताच. करशील तसं भोगशील, एवढंच आई सांगायची. म्हणून मी त्यांना छेडायची. "अहो, पण झाड लावायचंच कशाला? लेकरांच्या हाताशी ठेवायचं, हात लावू नका म्हणायचं, आणि लावला की घराबाहेर काढायचं. आमच्याकडं अशा बापाला शेजारी बोलतील." यावर ते ठसका लागेपर्यंत हसले. "हे तू रविवारी चर्चात येऊन सांग. पास्टरसाहेबाले मेमोच देते तू!"

एकदा मी विचारलं, "आदामाला विचारलं, बाईला विचारलं. सापाला का नाही विचारलं? त्याला थेट शिक्षा." बडेबाबूंनी डब्याचं झाकण लावलं. दोन दिवसांनी आवक रजिस्टर तपासता तपासता आपणहून म्हणाले, "म्या इचार केला त्या सापाचा. त्याच्यामागं कोणी नव्हतं ना, नाव घ्यायले. शेवटच्याले कोणी इचारत नाही." आमचा शिपाई टेबल पुसत होता. तो म्हणाला, "म्हणजे साप चतुर्थ श्रेणी." त्या दिवशी ऑफिसात काम झालं नाही.

सकाळी मी त्यांना "सलाम बडेबाबू" म्हणायची, कारण त्यांच्या समाजात तसं म्हणतात. आणि ते मला "जय भीम" म्हणायचे, कारण आमच्यात तसं म्हणतात. नवीन माणूस चक्रावून जायचा. त्याला वाटायचं, ही बाई ख्रिस्ती आणि हे बडेबाबू जयंतीवाले. आम्ही कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही.

मला पत्रं लिहायला त्यांनी शिकवलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिलं की लाल पेनानं काट. "सरळ सांग ना, काय पायजे." जावक रजिस्टरात एक ओळही कोरी सोडायची नाही, कोरी ओळ म्हणजे उद्याचा घोळ, हे त्यांचंच. दाखला घ्यायला शेतातून आलेल्या माणसाला उभं ठेवायचं नाही, हेही त्यांचंच. माझा बाप मी तिसरीत असताना गेला. आईनं दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून मला पदवीपर्यंत नेलं. खुर्चीवर बसून काम करणारी आमच्या घरातली मी पहिली. अशा मुलीला ऑफिसात असा माणूस भेटल्यावर ती त्याच्याकडं कशी बघेल? मी त्यांच्याकडं बापासारखी बघत होते. लिहूनच टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल.

माझी नोकरी अजून पक्की नव्हती. दोन वर्षं परिविक्षेची. त्या काळात काही वावगं झालं नाही, तर शिक्षण खात्याची मान्यता, नाहीतर घरी. आई रोज संध्याकाळी विचारायची, "झाली का वं पक्की?" मी म्हणायची, "होईल ना माय, बडेबाबू हायेत."

पाच महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. दहावीच्या परीक्षेची नावं मंडळाकडं पाठवायची होती, शेवटचा दिवस. यादी माझ्या कॉम्प्युटरवर तयार. बडेबाबू हेडमास्तरांच्या केबिनमधून आले, माझ्या मागं उभे राहिले आणि एका नावावर बोट ठेवलं. तेल्हाऱ्याकडची मुलगी, दिवाळीपासून शाळेत आलेली नव्हती. "हे काढ," ते म्हणाले. "येत नाही ते पोरगी आता. बसली त नापास होते. साहेबाले यंदा शंभर टक्के निकाल पायजे."

मी म्हटलं, "बडेबाबू, घरी विचारलं का तिच्या?"

"इचारायले टाइम कुठी हाय? काढ."

माझी बोटं जरा वेळ थांबली. खोटं कशाला सांगू, फार वेळ नाही. दोनच वर्षांपूर्वी मीसुद्धा फॉर्म भरून कुठल्या कुठल्या यादीत आपलं नाव शोधत फिरलेली मुलगी; पण त्या दिवशी मला त्या पोरीपेक्षा माझे पाच महिने जास्त दिसले. शिवाय सांगणारा कोण? बडेबाबू. मी नाव काढलं. यादीचा कागद छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी सही केली, आत नेला, हेडमास्तरांनी सही केली.

परीक्षेच्या आधी प्रवेशपत्रं आली आणि ती मुलगी दारात उभी. सोबत आई, हाताची बोटं कापसाच्या बोंडांनी खरचटलेली. वेचणीला मायलेकी सोबत गेल्या होत्या, दोन महिने. पोरीनं पिशवीत पुस्तकं नेली होती, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून अभ्यास करायची. हेडमास्तर म्हणाले, नाव गेलेलं नाही, आता काही होत नाही. ती आई ओरडली नाही. ती माझ्या टेबलाशी आली, कारण दारातून पहिलं टेबल माझं.

"एकडाव फोन त करायचा होता बाई," ती म्हणाली. "कापूस येचत होतो आमी. मेलो नव्हतो."

हे वाक्य माझ्या वाट्याचं आहे, दुसऱ्या कोणाच्याही नाही. ते मी आजपर्यंत कोणावर ढकललेलं नाही.

पोरीच्या मामानं तक्रार केली. शिक्षण खात्याचे तीन मेमो आले: हेडमास्तरांना, बडेबाबूंना, मला. बडेबाबू तीन महिन्यांत निवृत्त होणार होते. चौकशी अंगावर आली असती, तर पेन्शनचे कागद अडले असते. हे मला माहीत होतं. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "तुझा तू लिही. शिकवलं हाय म्या."

मी लिहिला. चार ओळी. 'दहावीच्या यादीतून सदर विद्यार्थिनीचे नाव मी काढले. काढण्यापूर्वी तिच्या घरी चौकशी केली नाही. ही माझी चूक आहे. झालेल्या प्रकाराबद्दल मी दिलगिर आहे.' नेऊन त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला नाही. वाचला, लाल पेन घेतलं, 'दिलगिर'मधल्या ग ला दुसरी वेलांटी दिली आणि कागद परत केला. "चांगला झाला," ते म्हणाले. "कोणाचं नाव नाही यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला खुलासा आणला, तो पाकिटात बंद. माझ्याकडं जावक नंबर मागितला. एरवी प्रत्येक पत्र उघडं यायचं, मी विषय वाचून नोंद करायची. मी विचारलं, "विषय?" ते म्हणाले, "खुलासा सादर करणेबाबत." मी लिहिलं. पाकिटाकडं बघून मला उलट त्यांचीच दया आली. मला वाटलं, या माणसानं आत लिहिलं असणार: नाव काढायला मी सांगितलं. ऐन निवृत्तीच्या तोंडावर सगळं आपल्या अंगावर घेतलं असणार आणि मला दिसू नये म्हणून पाकीट बंद केलं असणार. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला हेच सांगितलं. आईनं हात जोडले. कोणाला, तिलाच ठाऊक.

सुनावणी अकोल्यालाच झाली. लांब टेबल, पंखा, समोर एक अधिकारी मॅडम. आम्ही तिघं ओळीनं बसलेलो. मॅडमनी तिन्ही खुलासे मोठ्यानं वाचले. हेडमास्तरांचा आधी, त्यांनी लिहिलं होतं, कार्यालयाने यादी दिली व मी विश्वासाने सही केली. ते तसंच लिहिणार, हे मला माहीत होतं. मग बडेबाबूंचा.

"सदर यादी कनिष्ठ लिपिक," मग माझं संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट, "यांनी मला दिली, व मी ती पुढे सादर केली."

वाक्य कानावर पडलं आणि मला ते कुठलं आहे ते कळलं. तिनं मले देल्लं अन् म्या खाल्लं. तेच. एकही शब्द खोटा नाही. यादी मीच दिली होती. त्यांनी ती पुढे सादर केलीच होती. आणि हा माणूस दर रविवारी मुलांना चर्चात बसवून त्या आदामाला नावं ठेवत होता!

माझा खुलासा वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तर मान्यच केलंय. आणखी काही सांगायचंय?"

मी बडेबाबूंकडं पाहिलं. ते टेबलाच्या कडेकडं बघत होते. अजूनही वाटत होतं, बोलतील. मग मीच म्हणाले, "मॅडम, नाव काढायला मला यांनी सांगितलं होतं."

"लेखी आहे?"

"नाही."

"मग खुलाशात का नाही लिहिलं?"

सांगा बरं, काय उत्तर देणार होते मी? यांनी शिकवलं म्हणून नाही लिहिलं? मॅडमनी त्यांना विचारलं, "सांगितलं होतं का तुम्ही?" आणि बडेबाबू त्यांच्या त्या छापील मराठीत म्हणाले, "तसं स्मरत नाही, मॅडम."

स्मरत! आमच्याशी ते कधी 'आठोत नाही' याच्या वर गेले नाहीत. बाकी सगळं मी कधीतरी पचवेनही, पण तो 'स्मरत' शब्द अजून घशात अडकतो.

बाहेर जिन्यात ते माझ्यामागं आले. हळूच म्हणाले, "चहा घेतेस का पोरी?"

"नको," मी म्हटलं. "उद्या लिहून द्याल, हिनं देल्ला अन् म्या पेलो."

एवढं एकच मी त्यांना बोलले. जिन्यात चार लोक होते, सगळ्यांनी ऐकलं. मला त्याची लाज वाटली नाही आणि अजून वाटत नाही. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही.

हेडमास्तरांना समज देण्यात आली. बडेबाबूंना काही झालं नाही. 'परिविक्षा काळातील काम समाधानकारक नाही,' म्हणून माझी सेवा संपली. आई दोन दिवस कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी विळा घेऊन वावरात गेली, मी तिच्या मागं गेले. गावातल्या बाया विचारायच्या, "काहून वं, सुट्टी हाय काय?" त्या मुलीचं वर्ष गेलं ते गेलंच. पुढच्या वर्षी ती बसली, पास झाली, असं मला शिपायाकडून कळलं. मी तिला भेटायला गेले नाही. हिंमत झाली नाही.

दोन महिन्यांनी टपालानं एक पाकीट आलं. आत माझा अनुभवाचा दाखला, हेडमास्तरांच्या सहीचा. पण मजकूर कोणाचा, ते मी एका नजरेत ओळखलं. कुठं 'उपरोक्त' नाही, कुठं फापटपसारा नाही. 'कामात चोख, भाषेवर हुकमत, स्वभावाने प्रामाणिक. स्वतःची चूक स्वतः सांगणारी.' मी ते वाचून रडले, रागानं. बडेबाबू त्या गोष्टीच्या शेवटाबद्दल नेहमी सांगायचे की देवानं त्या दोघांना बागेबाहेर काढलं खरं, पण काढण्याआधी बसून कातड्याचे कपडे शिवून दिले, उघडं नाही हाकललं. हा दाखला म्हणजे त्यातलाच प्रकार होता. पण बडेबाबू, तुम्ही कुठं देव होतात? तुम्ही तर झाडामागं लपलेले होतात. मला तो कागद फाडावासा वाटला. फाडला नाही. त्याच कागदावर मला अमरावतीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम मिळालं, आणि आजही मी तिथंच आहे.

हे सगळं तुम्हाला सांगते आहे खरी, पण तुम्ही लगेच त्यांना वाईट माणूस म्हणून मोकळे होऊ नका. ते मलाही जमलेलं नाही. खिचडीवालीची नोकरी त्यांनी वाचवली होती. दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी स्वतःची खुर्ची दिली होती. आयुष्यात एकदाच त्यांच्यावर स्वतःचा खुलासा लिहायची पाळी आली, आणि तेवढ्यातच ते पडले. मला भीतीचं समजतं हो. तीन महिने उरलेल्या माणसाची भीती मला समजते, कारण माझे पाच महिने उरले होते तेव्हा मीही घाबरले होते. पण त्यांनी माझी वेलांटी दुरुस्त केली! मी आपल्या हातानं स्वतःला खड्ड्यात ढकलते आहे हे दिसत असताना त्यांनी लाल पेन उघडलं, आणि माझं शुद्धलेखन बघितलं. हे मी कोणत्या हिशेबात बसवू?

गेल्या हिवाळ्यात शिपायाचा फोन आला. बडेबाबू गेले. झोपेतच. मी मातीला गेले नाही. आठ दिवसांनी मात्र रजा टाकली आणि अकोल्याला गेले. सांत्वनाला नाही, बोलायला. इतक्या वर्षांत मनात घोळवून घोळवून माझं भाषण पाठ झालं होतं. ते नसले तर नसले, त्यांच्या घरातल्या भिंतींनी तरी ऐकावं, असं मला वाटत होतं.

काकूंनी, म्हणजे बडेबाबूंच्या बायकोनं, दार उघडलं. मी त्यांना याआधी एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात. त्यांनी मला ओळखलं. बसवलं, कोरा चहा दिला, आणि माझं तोंड उघडायच्या आतच म्हणाल्या, "मले सगळं सांगतलं त्यायनं. त्या पोरीचं नाव म्या घेतलं, म्हणे. तुमचं."

म्हणजे बायकोला सांगितलं होतं. देवालाही सांगितलं असेल, दिवसातून चारदा. फक्त ज्या माणसाला सांगायचं, त्या माणसाला सांगितलं नव्हतं. अकोल्याहून अमरावती कितीशी लांब आहे?

"रविवारचा वर्ग सोडला त्यायनं," काकू सांगत होत्या. "पास्टरसाहेब म्हणत, तुमीच घ्या. पण ते पह्यली गोष्ट आली का यायच्यानं बोलणं होये ना. लेकरं पाहत राहत, अन् हे गप. मंग गेलेच नाही. मागच्या बाकावर बसत. जेवण कमी झालं. मी म्हणो, जाऊन भेटा ना एकडाव. त म्हणत, कोणत्या तोंडानं जाऊ."

मी माझं भाषण सुरू करणारच होते. पहिला शब्दही ओठावर आला होता.

"पण देवानं ऐकलं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरला. "मूर्तिजापूरले गेले होते ते, आमच्या लेकीकडं. दिवाळीनंतरचीच गोष्ट. फलाटावर उभे होते, त समोर तुमची गाडी उभी होती. तुमी खिडकीत बसेल होत्या. तुमी पाह्यलं त्यायले, अन् हात केला. दोनदा. गाडी निघाली तरी करून राहिल्या होत्या, म्हणे. घरी आले ते रडतच आले. म्हणे, तिनं मले माफ केलं. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या त्यायनं. मरेपर्यंत तेच सांगत होते सगळ्यायले, तिनं हात केला मले."

आठवून पाहिलं. मला तर बडेबाबू दिसलेच नव्हते. इतक्या वर्षांत एकदाही दिसले नव्हते. दिसले असते तर मी खिडकी लावून घेतली असती. दर शनिवारी मी आईकडं येते आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला परत जाते. मूर्तिजापूरच्या फलाटावर एक जण उकडलेल्या शेंगा विकतो. तो नेहमी लांब, जिन्याखाली उभा असतो, आणि गाडी थांबते थोडाच वेळ. शेंगा मागवायला मी खिडकीतून हात करते. त्याचं लक्ष नसलं, तर दोनदा करते.

"केला होता ना हात तुमी?" काकूंनी विचारलं. माझा हात त्यांनी अजून सोडला नव्हता. आतल्या खोलीच्या दारात त्यांची मुलगी येऊन उभी राहिली होती, तीही बघत होती.

इतका राग आला मला त्या क्षणी, की काय सांगू. माझी नोकरी गेली, माझं नाव गेलं, आणि आता माझी माफीसुद्धा या माणसानं मला न विचारता घेऊन टाकली होती. आणि ती परत मागावी, तर मागायची कोणाकडं? या बाईकडं? आठ दिवसांपूर्वी जिचा नवरा गेला, तिच्याकडं?

"हो," मी म्हटलं. "केला होता हात मी."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मुलगी आत गेली. मी उरलेला चहा प्यायले. मी बोलले त्यात एकही शब्द खोटा नव्हता. हात मी केलाच होता. कोणाला, ते मी सांगितलं नाही.